रुळांची फळी, पंखांची फळी

पत्र्याची ट्रंक, एक. मुक्काम कन्हेरी, तालुका बारामती. कडी तुटलेली, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा ही ट्रंक बरोबर आली. घरच्यांना वाटलं, हत्यारं असतील. निघाली पुस्तकं. अर्धी विलायतेच्या रेल्वेवरची, अर्धी लढाईतल्या विमानांवरची. शेतीवर एक नाही, देवाधर्माचं एक नाही.

कन्हेरी महाराष्ट्राला माहीत आहे ती मारुतीमुळे. निवडणूक लागली की प्रचाराचा नारळ इथं फुटतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या गर्दीतही आप्पा ओसरीवर बसून कुठल्याशा इंजिनाच्या बॉयलरचा हिशेब वाचत. पुढाऱ्यांना वाटायचं, म्हातारा पोथी वाचतोय.

फडताळाच्या दोन फळ्या. वरची रुळांची, खालची पंखांची. आप्पांनीच लावलेल्या. ते गेल्यावर दोन्ही विरळ होत गेल्या. काही पुस्तकं कुणी वाचायला नेली ती परतली नाहीत, काहींना कसर लागली, काही सरळ रद्दीत गेली. राहिलं त्याची आणि गेलेल्यातल्या आठवतं त्याची ही यादी.

आर्ट पेपरची पानं. या पुस्तकांत मधोमध फोटोंचा एक गठ्ठा असतो, गुळगुळीत कागदावर छापलेला. आपल्या पावसाळ्यात तो कागद ओल धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. ओढली तर इंजिनाचं धुराडं समोरच्या पानावरच्या पुलाला लागून येतं. अशी चिकटलेली दोन पुस्तकं आहेत. उघडायची नाहीत, एवढाच उपाय.

ब्रॅडशॉ. इंग्लंडचं रेल्वेचं वेळापत्रक, १८३९ पासूनचं. १९६१ मध्ये छपाई थांबली. आप्पांकडे एक फाटका अंक होता. त्यातली एकही गाडी आता सुटत नाही. तरी ते त्यातून प्रवास आखायचे. कुठं उतरायचं, कुठं गाडी बदलायची, मध्ये चहाला किती वेळ मिळतो. तो अंक गेला. कुणी नेला, ठाऊक नाही.

एबीसी. खिशात मावणारी पुस्तिका, इंजिनांच्या नंबरांच्या याद्या, बाकी काही नाही. आयन अ‍ॅलन नावाचा विशीतला पोरगा लंडनच्या वॉटर्लूला सदर्न रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. इंजिनांविषयी विचारणारी पत्रं सारखी येत. उत्तरं देऊन कंटाळला आणि १९४२ मध्ये, ऐन लढाईत, त्यानं यादीच छापून टाकली. कचेरीला त्यात रस नव्हता, म्हणून स्वतःच छापली. पुढे त्याच्या कंपनीनं विमानांच्याही अशाच याद्या काढल्या. एका पिढीतल्या इंग्रज पोरांनी फलाटाच्या टोकाला उभं राहून इंजिन दिसलं की नंबराखाली रेघ मारायची, हा खेळ केला. आप्पांच्या प्रतीत रेघा आहेत, लाल शाईच्या, पट्टी लावून मारलेल्या. सगळ्या सरळ. एकच वाकडी आहे, बहुधा गाडी जोरात होती. कुणाच्या हातच्या, हे कळायला मार्ग नाही. ते पोर आज असलं तर नव्वदीच्या पुढे असेल.

या छंदाची माणसं म्हातारी झाली, हेच या पुस्तकांच्या मागं लागलेलं खरं दुखणं. विलायतेत काय, पुण्यात काय, माणूस गेला की पोरं पुस्तकं वजनावर काढतात. मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आप्पांना यातली बरीचशी मिळाली. एकाचं मरण हाच दुसऱ्याचा संग्रह, असा या पुस्तकांचा फेरा चालायचा. आता पुढचं गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे फेरा तुटला.

लढाईच्या काळातला कागद. पिवळा, पातळ, समास जेमतेम, ओळी दाटीनं. आरंभीच्या पानावर एक छोटा शिक्का: उघड्या पुस्तकावर बसलेला सिंह. कागद टंचाईचे नियम पाळून छापलं आहे, अशी ती खूण. असं एक पुस्तक आहे. पान उलटताना कोपरा हातात येतो.

त्याच काळातली बत्तीस पानी सरकारी पुस्तिका, ‘बॅटल ऑफ ब्रिटन’, १९४१ ची. लाखांनी खपली. लेखकाचं नाव वर नाही. लिहिली होती हिलरी सॉन्डर्स यांनी. ज्या ह्यू डाउडिंगनं लढाऊ विमानांचा तो सगळा लढा चालवला, त्याचंच नाव आत कुठे नाही. चर्चिल भडकले म्हणतात. आप्पांना हा किस्सा फार आवडायचा. शेडमध्येही असंच असतं, म्हणायचे, इंजिन कुणी दुरुस्त केलं ते सोडून बाकी सगळ्यांची नावं रिपोर्टात असतात.

बिगल्स नावाच्या वैमानिकाच्या गोष्टी. होत्या. आप्पांनी भावाच्या नातवाला देऊन टाकल्या. विमान उडतं ते कसं, हे त्यात कुठं सांगितलेलं नाही, अशी त्यांची तक्रार होती.

ह्यू ह्यूज यांचं ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’, तिसरा भाग, अरुंद रुळांचा. हे मात्र जपून ठेवलेलं, कापडी बांधणी नव्यानं करून घेतलेली. १८६३ ते १९४० या काळात हिंदुस्थानात आलेली अरुंद रुळांवरची इंजिनं, कुठल्या कारखान्यात बनली, कितवा नंबर, कुठल्या साली. गोष्ट नाही, वर्णन नाही, माणूस नाही. नुसते तक्ते. पण आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची जन्मपत्रिका बघायची तर हेच उघडावं लागतं. ती लिहिणारे सातासमुद्रापलीकडचे हौशी लोक. आपल्याकडे आठवणी भरपूर: गाडी इतकी हळू की माणूस उतरून, उसाचं कांडं मोडून पुन्हा चढायचा, वगैरे. प्रत्येक छोट्या गाडीबद्दल हीच एक आठवण सांगतात, त्यामुळे तिच्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. त्यांच्याकडे तारखा आणि नंबर, आपल्याकडे हशा. दोन्ही एका पुस्तकात बसलेलं मी पाहिलेलं नाही.

दौंड-बारामतीची छोटी गाडी. १९१४ मध्ये सुरू झाली, रूळ अडीच फुटी. नीरेच्या डाव्या कालव्यानं हा भाग बागाईत झाला, ऊस आला, बारामतीची गुळाची पेठ वाढली. गाडी त्याच्या मागोमाग आली. इंग्रजी पुस्तकांच्या सूचीत ती ‘धोंड’खाली सापडते. शिरसाई, कटफळ ही स्टेशनं आजही आहेत, फक्त रूळ रुंद झाले. अडीच फुटी रुळाचा हातभर तुकडा आमच्या गोठ्यात पडून होता. खिळे सरळ करायला ऐरण म्हणून वापरायचे. भंगारवाल्यानं नेला.

डिकसळचा पूल. इंदापूर तालुक्यात, भीमेवर, दगडी खांबांचा, इंग्रजांच्या रेल्वेचा. उजनी धरणाचं पाणी आलं, रेल्वेनं रूळ दुसरीकडे नेले, पुलावरून मग मोटारी आणि उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या. पुस्तकांत पुण्याहून सोलापूरला गेलेल्या जीआयपीच्या, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, लाईनीला चार ओळी मिळतात, कारण लेखकाचा सगळा जीव भोर घाटात अडकलेला असतो. सपाटीवरची रेल्वे कुणाला लिहावीशी वाटत नाही.

आता ज्याच्यासाठी ही यादी करायला बसलो तो माणूस. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७, लिंकनशायरचा. १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला. मुख्य लाईन बार्शीला बगल देऊन गेली होती. कापसाची एवढी मोठी पेठ, पण माल बैलगाडीनं स्टेशनापर्यंत न्यावा लागे. कॅलथ्रॉपनं तिथं अडीच फुटी रुळांची लाईन घालायचा ध्यास घेतला. त्याचा मुद्दा साधा होता. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिन असो वा मालडबा. वजन सगळीकडे सारखं वाटलं की हलके रूळही पुरतात, पूल स्वस्तात होतात, आणि डबे मात्र मोठे बांधता येतात. इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्यातली, एकमेकांना जोडलेली आठ चालती चाकं. ती जहाजात चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून इंग्लंडमधल्या इंजिनियरांना दाखवली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. मग पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, शेवटी १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल. आषाढी-कार्तिकीला वारकरी मालडब्यांतूनही जात. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही बार्शी लाईट रेल्वे कंपनी ताब्यात घेतली. आता सगळे रूळ रुंद झाले. पंढरपूर-मिरजेचे सर्वांत शेवटी.

एका पुस्तकात ‘पाच टन’ असं पेन्सिलीनं समासात लिहिलेलं आहे, त्याखाली दोन रेघा. बाजूला आप्पांच्या अक्षरात: ‘आपली कुर्डुवाडी.’

त्याच कॅलथ्रॉपनं पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही लाईन केली. १९०४ ते १९३४. जेमतेम आठ मैल. डबे पिवळे, टोकांना ओसरी, इंजिनाला हा एवढा मोठा दिवा. स्टॅफर्डशायरच्या धुक्यात बार्शीची बहीणच. ती तोट्यात गेली, बंद पडली, रुळांच्या जागी पायवाट झाली. आठ मैलांच्या त्या लाईनीवर इंग्रजीत कितीतरी पुस्तकं निघाली, आप्पांकडेच दोन होती. २०२ मैलांच्या बार्शी लाईटवर तेवढ्या तोडीचं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. त्यांचे आठ मैल म्हणजे इतिहास, आपले दोनशे मैल म्हणजे गंमत. यात दोष त्यांचा नाही.

वरच्या फळीवरची पुस्तकं कॅलथ्रॉपला इथं सोडून देतात. एखादं जास्त चौकस असेल तर तळटीपेत म्हणतं, पुढे त्यांनी पॅराशूट बनवलं.

खालच्या फळीवरच्या पुस्तकांत त्याचा जन्मच तिथं होतो. एक वयस्क रेल्वे इंजिनियर, एवढीच ओळख. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला, १२ जुलै १९१० ला बोर्नमथला विमान कोसळून गेला. कॅलथ्रॉप त्यानंतर छत्रीच्या मागं लागला. तिला नाव दिलं ‘गार्डियन एंजल’. रेशमी छत्री घडी घालून एका डब्यात, डबा विमानाच्या बाहेर बसवलेला, त्यातून निघालेला दोर वैमानिकाच्या अंगावरच्या पट्ट्यांना. उडी मारली की माणसाच्याच वजनानं छत्री ओढली जाऊन उघडायची, हातानं काही करायचं नाही. ज्यानं बार्शीत आसागणिक वजन मोजलं त्यानं इथंही वजनालाच कामाला लावलं, असं मला वाटतं. पुस्तकं दोन फळ्यांवर असल्यामुळे हे कुणी लिहिलेलं दिसत नाही. जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कॉलेटनं ऑर्फर्डनेसला बी.ई. २ सी विमानातून हिच्यासह उडी मारली आणि नीट उतरला. मेजर ऑर्ड-लीझनं तर लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी टाकून दाखवली. हा तोच, शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेलेला.

तरी ब्रिटिश वैमानिकांना छत्री मिळाली नाही. बलूनमध्ये टांगलेल्या टेहळ्यांना छत्र्या होत्या. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला कॅलथ्रॉपच्या छत्र्या चालल्या. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्री बांधून उडू लागले. ब्रिटिश वैमानिक विमान पेटलं तरी विमानातच. वजन वाढतं, जागा नाही, अशी कारणं देत. छत्री असली तर पोरं लवकर विमान सोडतील, ही शंकाही होतीच. तिथल्या हवाई दलानं छत्र्या घेतल्या त्या १९२५ च्या सुमारास, आणि त्याही अमेरिकेतल्या अर्विनच्या, हातानं कडी ओढायच्या. कॅलथ्रॉप १९२७ मध्ये गेला. बार्शी लाईट मिरजेला पोचली तेच साल.

छत्री न मिळालेल्यांत एक मुंबईचा होता. श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजला शिकलेला, २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. विमान सॉपविथ डॉल्फिन. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या फटीतून बाहेर निघतं. नजर चौफेर, पण विमान उलटलं तर पहिला धक्का डोक्याला. जून १९१८ च्या अखेरीस तो फ्रान्सवर गस्तीला गेला, जर्मनांच्या हाती जखमी सापडला आणि तिथंच मेला. कबर फ्रान्समध्ये आहे. खालच्या फळीवरच्या एवढ्या पुस्तकांत त्याचं नाव एकात, तेही परिशिष्टात. वरच्या फळीवर असायचं कारणच नाही. मुंबईच्या या पोराला वाचवू शकली असती ती वस्तू बार्शीची रेल्वे बांधणाऱ्यानं केली होती, हे जुळवायला दोन्ही फळ्या एकदम खाली काढाव्या लागतात.

वालचंद हिराचंद यांचं चरित्र, लेखक गं. दे. खानोलकर. मराठी. या ट्रंकेतलं जवळजवळ एकमेव. आप्पांनी कुठं ठेवायचं ते ठरवलं नव्हतं. कधी वर असायचं, कधी खाली. कन्हेरीहून वालचंदनगर लांब नाही. काटेवाडी सोडली, पालखीच्या रस्त्यानं पुढं गेलं आणि नीरेच्या अंगाला वळलं की आलंच. साखर कारखान्याचं गाव म्हणून सगळे ओळखतात. पण वालचंदांचा धंदा सुरू झाला रेल्वेच्या ठेकेदारीत, लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाच्या भागीदारीत, आणि पहिलं काम बार्शी लाईटचंच: येडशी ते तडवळे. जन्म सोलापूरचा, साल १८८२. कॅलथ्रॉप जीआयपीत आला तेच.

आणि हाच ठेकेदार १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या विमानात विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन विमानवाल्याला भेटतो, हिंदुस्थानात विमानं बांधायचं ठरवतो. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर दरबाराच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहते. १९४१ मध्ये हार्लो हे शिकाऊ वैमानिकांचं विमान उडतं, १९४२ च्या जुलैत कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. पण त्याआधीच लढाई दारात आली म्हणून सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतलेला असतो. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीकामाला लागतो. लढाई संपते, विमानांचं काम आटतं, मग त्याच कारखान्यात काय बनवायला घेतात? रेल्वेचे डबे.

आप्पांनी या पानावर काही लिहिलेलं नाही. फक्त बिडीच्या बंडलाचा कागद खुणेला घातलेला आहे.

उरलेल्या पुस्तकांचं काय करायचं, हे विचारायला एका वाचनालयात गेलो होतो. इंग्रजी, जुनी, शिवाय मागणी नाही, म्हणून घेतली नाहीत. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. जागा तेवढीच, आणि पोरांना स्पर्धा परीक्षांची पुस्तकं हवीत. रद्दीवाल्यानं आर्ट पेपर वेगळा काढला.

बारामतीच्या विमानतळावर वैमानिक व्हायला आलेली मुलं असतात. त्यातला एक ओळखीतून घरी आला. खालची फळी बघून हरखला. डॉल्फिनच्या फोटोवर बराच वेळ थांबला, बसायला जागा कुठं, विचारलं. सगळी विमानांची पुस्तकं सॅकमध्ये भरून घेऊन गेला. मी आनंदानं दिली. वरच्या फळीकडे त्यानं पाहिलंही नाही, आणि मी कॅलथ्रॉपचं सांगेपर्यंत त्याची गाडी सुरू झाली होती.

रेल्वेची पुस्तकं अजून इथंच आहेत. कुणाला हवी असतील तर येऊन न्यावीत, दोन चिकटलेली धरून. खानोलकरांचं मात्र द्यायचं नाही.